चार दिवसांचा जपान

माघात कडुनिंब गळायला लागले की मला राग येतो. झाडांचा नाही, झाडं आपलं काम करतात. राग येतो तो पानगळीवर लिहिणाऱ्यांचा. पिवळं पान कसं गिरक्या घेत उतरलं, मातीला कसं बिलगलं, निरोपातही कशी एक गोड हुरहूर असते. दर माघात मासिकं उघडावीत तर हेच. मी वाचतो, लेखकाचं नाव बघून ठेवतो आणि मनातल्या मनात त्याला एकच विचारतो: महाशय, ही पानं झाडली कुणी?

पान जमिनीला टेकलं की गोष्ट संपली, असं खुर्चीत बसलेल्या माणसाला वाटतं. खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते. निंबाचं पान बारीक, करवती कडांचं. ते खराट्याच्या काड्यांत अडकतं, पायाखाली चुरतं, आणि एक ढीग होईपर्यंत पाठीमागे झाडानं दुसरा टाकलेला असतो. हे मला ठाऊक आहे, पण झाडून नाही. बघून. या लेखातली पहिली कबुली हीच.

काल दौंडहून एसटीनं गावाला गेलो. घोड नदीच्या काठचं आमचं गाव. एका अंगाला शिरूर, दुसऱ्या अंगाला दौंड, आणि दोन्हीकडे जायला रस्ता सारखाच वाईट. ज्वारीची काढणी लागली होती. बांधावर कडब्याच्या पेंढ्या उभ्या, खळ्यावर कणसांचे ढीग, आणि हवेत तो कोरडा वास, ज्यानं नाक हुळहुळतं आणि डोळ्यांना उगाच पाणी येतं. शाळेपुढचे तीन निंब निम्मे उघडे झाले होते. मी सातवीत होतो तेव्हाही ते असेच उघडे होत होते. सात वर्षं झाली त्याला.

आमच्या शाळेची घंटा म्हणजे रुळाचा एक तुकडा. तो वाजला की पोरं बंदुकीच्या छऱ्यांसारखी चौफेर उडत. कुणी गुरांमागे, कुणी विहिरीवर, मी ज्वारीच्या राखणीला. चार मेढींवर बांधलेला माळा, हातात गोफण, आणि पाखरांच्या नावानं केलेला आरडाओरडा. शाळेत एकटी तारा राहायची. तारा माझ्या वर्गातली, ओढ्यापलीकडच्या वस्तीतली. त्या वस्तीनं दीक्षा घेऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. घरातले देव त्यांनी नदीत सोडले, मेलेली जनावरं ओढणं सोडलं, गावाच्या ओसरीपुढे हात पसरणं सोडलं. गावाला ते अजून पचलं नव्हतं. पण शाळा झाडणं तेवढं मागे राहून गेलं होतं. आधी ताराची आई झाडायची. ती मजुरीला जायला लागली तेव्हा खराटा ताराच्या हातात आला. कुणी हुकूम दिला नव्हता. हुकूम असता तर मोडता तरी आला असता.

गुरुजी वाईट नव्हते. ते वाईट असते तर हा लेख सोपा झाला असता. खादीचा सदरा, स्वच्छ धोतर, फळ्यावर मोत्यासारखं अक्षर. ताराच्या वाचनाचं ते सगळ्या वर्गासमोर कौतुक करत. आणि पाच वाजता तिला म्हणत, "तारा, तेवढं उरकून घे गं बाळ." त्या 'बाळ'मध्ये खरी माया होती. माझी तक्रार त्या मायेबद्दलच आहे.

मी स्वतः पत्रकांवर वाढलो. माझे वडील, आप्पा, दौंडला इंजिनावर फायरमन होते. पंधरवड्यातून घरी येत तेव्हा त्यांच्या डब्याच्या पिशवीत युनियनची पत्रकं असत, कोळशाच्या बोटांचे ठसे उमटलेली. घराच्या भिंतींना आईनं तीच खळीनं चिकटवली होती, पोपडे पडू नयेत म्हणून. मी अक्षरं शिकलो ती त्या भिंतीवर. बाजाराच्या दिवशी शिरूरच्या मिशनातले एक पास्तर येशूची पत्रकं वाटायचे, ती मी घ्यायचो. भूदानाची घ्यायचो, हिवतापाची घ्यायचो. जगात अन्याय आहे आणि तो मिटवायचा आहे, हे मला दहाव्या वर्षी पाठ होतं. पाठ होतं, हा शब्द मी मुद्दाम वापरतो.

त्या माघात गुरुजींच्या टपालात दोन पुस्तिका आल्या. एक अमेरिकेची, गुळगुळीत, इतकी रंगीत की हात पुसून धरावीशी वाटे. दुसरी जपानची, लहान, काळ्या-पांढऱ्या चित्रांची. सोबत दौंडच्या एका शिक्षण संस्थेचं पत्र. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या सातवीच्या मुलांसाठी वक्तृत्व स्पर्धा. विषय: शाळा सुटल्यावर जपानी विद्यार्थी काय करतात आणि अमेरिकन विद्यार्थी काय करतात. पहिल्या नंबराला, मुलगा असो की मुलगी, संस्थेच्या बोर्डिंगात मॅट्रिकपर्यंत राहणं, जेवण आणि शिक्षण फुकट.

शाळेतून दोघांना पाठवायचं होतं. गुरुजींनी मला निवडलं आणि ताराला. मला दौंडला शिकायचंच होतं. आप्पांच्या क्वार्टरमध्ये माझ्या वळकटीची जागाही ठरली होती. तारासाठी मात्र हा एकच रस्ता होता. गावातली शाळा सातवीला संपत होती, आणि तिच्या आईनं सांगून टाकलं होतं, "सातवी झाली की बास. वरच्या शाळंला धाडायचं म्हंजी ठिवायची कुठं हिला?" बोर्डिंग म्हणजे या 'कुठं'चं उत्तर होतं. हे मला माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं, हे लिहून ठेवतो.

दोघांची भाषणं मीच लिहिली. झाडणं उरकून तारा आमच्या रानात यायची, पाठ करायला. रानात शिवाशिव जरा सैल असते; तिथं बघायला कुणी नसतं. ती माळ्यावर चढायची, माझ्या हातातून गोफण घ्यायची आणि माझ्यापेक्षा लांब दगड फेकायची.

"अमेरिकेतली पोरं शाळा सुटल्यावर काय करत्यात?"

"अंगणातलं गवत कापत्यात. यंत्रानं."

"म्हशीला?"

"म्हशी न्हाईत त्यांच्याकडं."

"मंग शेरडांना?"

"कुणालाच न्हाई. कापून टाकून देत्यात."

तारानं गोफण खाली ठेवली. "मंग वाढवत्यात कशाला?"

पुस्तिकेत एवढंच होतं की अमेरिकन मुलगा सायकलवरून घरोघर वर्तमानपत्रं टाकतो, लाकडी दांडक्यानं चेंडू टोलवतो, शेजाऱ्याचं अंगण साफ करून आपल्या खाऊचे पैसे स्वतः मिळवतो, आणि त्याला त्यात कमीपणा वाटत नाही.

"आन् जपानची?"

"शाळा सुटली की सगळी पोरं मिळून शाळा झाडत्यात. फरशी पुसत्यात. मंग खेळ. मंग कुणी कुंचल्यानं अक्षर गिरवायला जातंय, कुणी मण्यांच्या चौकटीवर गणित शिकायला दुसऱ्या मास्तरकडं."

"सगळी झाडत्यात?"

"सगळी."

"पाटलाची बी?"

"जपानात पाटील नसत्यात."

"येडा हायस. पाटील समदीकडं असत्यात." ती बराच वेळ ते चित्र बघत राहिली. डोक्याला फडकं बांधलेल्या मुलामुलींची रांग, गुडघ्यांवर बसून फरशी पुसणारी. "आमचा आज्जा म्हनतो, जपानी लोक बी बुद्धाचेच. म्हंजी आमचं पावणंच की." मग हळूच, "आन् खराटा? समद्यांचा एकच असतो का ज्याचा त्याला?"

मी चित्र डोळ्यांजवळ नेलं. भिंतीवर खराटे एका ओळीत टांगले होते. कुणावर नाव दिसत नव्हतं.

ती पुस्तिका गुरुजींनाही चढली. सोमवारी त्यांनी फळ्यावर पाळीचा तक्ता लिहिला. रोज चार मुलं, शाळा सुटल्यावर, सगळी मिळून. "आजपासून आपली शाळा जपान," म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला होता. मी टाळ्या वाजवल्या. तारानं खराटा नेहमीच्या कोपऱ्यात उभा केला आणि पायरीवर बसली. मोकळे हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. कधी मांडीखाली घ्यायची, कधी काखेत.

पहिल्या चौघांनी घरून आपापला खराटा आणला होता. गुरुजी म्हणाले, "अरे, शाळेचा आहे की." कुणी ऐकलं नाही, आणि गुरुजींनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. मंगळवारी आणखी चार आले. बुधवारी माझी पाळी. सकाळी निघताना आईनं गोठ्यातला खराटा माझ्या खांद्यावर ठेवला. "शाळंतल्याला हात लावू नगंस." मी का म्हणून विचारलं नाही. भिंतीवरची पत्रकं मागून बघत होती. मी त्यांच्याकडे पाठ करून उंबऱ्याबाहेर पडलो. दप्तरात जपानची पुस्तिका, खांद्यावर घरचा खराटा. तीन दिवसांत शाळेत बारा खराटे आले आणि कोपऱ्यातल्या तेराव्याला कुणाचं बोट लागलं नाही.

गुरुवारी ताराची पाळी आली. तिच्या गटातल्या तिघांनी एकेक कोपरा वाटून घेतला आणि मधली जागा, तीन निंबांखालची, तिला सोडली.

शुक्रवारी आबा आले. आबा म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष, गावातली मोठी बागाईत त्यांची, आणि त्या दिवशी तक्त्यावर त्यांच्या नातवाचं नाव होतं. ते रागावले नव्हते. रागवायची त्यांना गरज नव्हती.

"गुरुजी, तुम्ही जपान वाचा, अमेरिका वाचा. कुणी न्हाई म्हनलंय? पर आमचं पोरगं आता त्या पोरीवानी केर काढनार व्हय?"

"आबा, ज्यानं त्यानं घरून खराटा आणलाय."

"मंग तर आनिकच वंगाळ. आमच्या नातवानं कालच केरसुणी बगलंला मारून ठिवलीया. घरची केरसुणी म्हंजी लक्ष्मी. ती शाळंत आनून झिजवायची?"

सोबतची दोन माणसं हसली. गुरुजीही थोडं हसले. मग त्यांनी फळा पुसला. ते काम त्यांनी स्वतःच्या हातानं केलं.

दिवाळीला आम्ही केरसुणीला हळदकुंकू वाहतो. तिला पाय लागला तर नमस्कार करतो. आणि जिच्या हातात वर्षभर ती असते, तिला पाणी वरून ओततो. जपानी माणसाला हे समजावून सांगायची वेळ आली तर कोणत्या पुस्तिकेत बसवायचं? रंगीत की काळ्या-पांढऱ्या?

मी त्या शुक्रवारी दप्तर भरलं. पाच वाजता तारा पायरीवरून उठली, कोपऱ्यातून खराटा घेतला आणि चार दिवसांतली उरलेली पानं झाडायला लागली. कारण चार दिवस पोरांनी कोपरे तेवढे झाडले होते.

रविवारी दौंड. स्टेशनाचा धूर, इंजिनांच्या शेडमधून येणाऱ्या शिट्ट्या, आणि त्या संस्थेचा लांबलचक हॉल. परीक्षक एक साहेब होते. ते म्हणे दोन्ही देश फिरून आले होते. मी आधी बोललो. "माननीय अध्यक्ष महाशय, परीक्षक गुरुजन आणि माझ्या बालमित्रांनो! जपान म्हणजे शिस्त, अमेरिका म्हणजे स्वावलंबन! या दोन फुलांतला मध गोळा करणारी मधमाशी आपण होऊ या!" टाळ्या पडल्या. टाळ्यांना ऊब असते. ती अंगाला लागली की माणूस शेकत बसतो.

मग तारा. धुतलेलं परकर-पोलकं, तेल लावून घट्ट वेणी. मी लिहिलेली पहिली दोन वाक्यं तिनं म्हटली आणि थांबली. मला वाटलं, विसरली. मी ओठ हलवून पुढचं वाक्य सांगायला लागलो. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"जपानात समदी मुलं शाळा झाडतात. अमेरिकेतली मुलं शेजाऱ्याचं अंगण झाडतात आणि शेजारी त्यांना शाबासकी देतो. आमच्या शाळेत मी झाडते."

हॉलमध्ये कुणी तरी खोकलं.

"शाळा सुटली की समदी जात्यात. मंग मी आन् पानं. कोण कुठं बसतंय ते मला खालचं बघून कळतं. शेंगांची टरफलं असली तर आदल्या दिशी बाजार झालेला. खडूचा चोथा असला तर तिथं दत्ता बसतो, त्यो खडू चघळतो." लोक हसले. ती थांबली, हसू संपू दिलं. "कागद असला तर मी वाचते आन् मंग टाकते. लई वाचन माझं तसंच झालंय. शाळा सुटल्यावर समदी शाळा माझी एकटीची असती. आमच्याकडं चार दिवस जपान झाला. तवा शाळेत लई खराटे आले. माझ्या खराट्याला कुणी हात लावला न्हाई. जपानात खराट्यावर नाव नसतं. मला कळला त्यो फरक एवढाच."

ती नमस्कार करून खाली बसली. गुरुजी मान खाली घालून आपल्या चपलेचा अंगठा बघत होते.

साहेब उठले. "मुलगी धीट आहे," म्हणाले, "परंतु विषय जपान आणि अमेरिका हा होता. आपल्या शाळेची निंदा करण्याचं हे व्यासपीठ नव्हे." पहिला नंबर माझा. दुसरा शिरूरच्या एका वकिलांच्या मुलाचा. तिसऱ्यालाही कुणी तरी होतं. मला वर बोलावलं. हातात शिक्क्याचं पत्र दिलं. साहेबांनी पाठीवर हात ठेवून विचारलं, "काय, राहशील ना आमच्या बोर्डिंगात?"

आप्पांचं क्वार्टर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. 'मला नको, तिला द्या' एवढी चार शब्दांची गोष्ट. पत्रकांत मी याहून मोठी वाक्यं वाचली होती, तोंडपाठ होती, भर बाजारात म्हणून दाखवली असती.

मी म्हणालो, "हो."

गुरुजी ताराला घेऊन संध्याकाळच्या गाडीनं गावी निघाले. मी स्टँडपर्यंत गेलो. तारा खिडकीशी बसली होती. गाडी सुरू झाल्यावर तिनं मान बाहेर काढली. मला वाटलं, आता बोलेल ती. ती म्हणाली, "खडू चघळतो म्हनलं, त्याचा राग आला व्हय रं?"

आप्पा ड्यूटीवरून सरळ हॉलवर आले होते आणि मागे दाराशी उभं राहून दोन्ही भाषणं त्यांनी ऐकली होती, हे मला नंतर कळलं. रात्री जेवण झाल्यावर त्यांनी हात धुतले. हाताच्या रेषांत कोळसा. मग म्हणाले, "तू जे बोललास ते त्या पुस्तिकंत हायच. मंग तू कशाला पायजे व्हतास?"

सोमवारी त्यांनी मला संस्थेच्या कचेरीत नेलं आणि पत्र टेबलावर ठेवायला लावलं. "आमाला जागा नगं. त्या पोरीला द्या." कारकुनानं वही उघडली, माझं नाव खोडलं आणि वकिलांच्या मुलाचं लिहिलं. "तिचा नंबरच नाही हो," तो म्हणाला, आणि खरोखरच त्याच्या आवाजात काही वाईट नव्हतं. सोडलेली जागा खाली पडत नसते. ती वरच्या वर झेलतात, आणि झेलायला हात आधीपासून उंच असावे लागतात.

पुढे मी मॅट्रिक झालो. आता पत्रकं मी लिहितो. शेडच्या भिंतींवर, बाजाराच्या खांबांवर माझी वाक्यं चिकटवलेली असतात. मोठमोठी माणसं दौरे करून येतात, जपानची आगगाडी, अमेरिकेतलं धान्य, तिथली मुलं अशी आणि तिथल्या शाळा तशा, आणि आम्ही माना डोलावतो. लांबच्या देशाची शिस्त आम्हाला फार आवडते. लांब आहे म्हणूनच आवडते. ती ओढा ओलांडून आली की आम्ही फळा पुसतो. हे मी सभांत सांगतो, टाळ्या मिळतात, आणि त्या टाळ्यांची ऊब मला ओळखीची वाटते.

काल रूळ वाजला तेव्हा मी शाळेपुढे उभा होतो. पोरं उडाली. मग तो आवाज आला, खर्र, खर्र. तारा दिवसभर ज्वारी काढून आली होती; लुगड्याला कडब्याची कुसळं, बोटांना चिंध्या बांधलेल्या. मला ओळखून हसली. "दत्ता! दौंडहून आलास?" मी सांगितलं, मी लिहितो आता. त्या वर्षाबद्दल लिहायचं म्हणतोय. "लिही की," म्हणाली, "त्यात काय." एक कागद खराट्यात आला तो उचलून तिनं वाचला, चुरगळून ढिगावर टाकला, आणि पुन्हा झाडायला लागली.

सात वर्षांनी मी हात पुढे केला. "दे इकडं. मी झाडतो."

ती थांबली. आधी माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्या रिकाम्या खांद्याकडे.

"का रं? आज घरनं आणला न्हाईस व्हय तुझा?"

माझा हात तसाच राहिला. वरून पानं पडत होती. मी उभा होतो तेवढी जागा सोडून ती पुढे झाडत गेली.